परवाना देणाऱ्यांना आधी नदीकाठ वाचायला शिकवा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की आपल्या दैनिकात कृष्णेवरच्या आलमट्टी धरणावरची पत्रं सुरू होतात. यायलाच हवीत. धरणात पाणी 519.60 मीटरवरच धरायचं की उंची वाढवायची, यावर दोन राज्यांचा वाद आहे आणि काठावरच्या माणसाचा जीव त्यात टांगणीला लागतो. पण आपल्याच गावच्या ओढ्यावर किती भराव पडला, हे आपण कुणाला विचारतो का? माझ्या घरात 2021 साली पाणी शिरलं, त्यामागे एक परवाना होता. त्याबद्दल लिहितो.

आमचं गाव निपाणी तालुक्यात, वेदगंगेच्या काठाला. घर नदीपासून लांब, ओढ्याच्या अलीकडे, थोडं चढावर. 2019 च्या ऑगस्टमध्ये यमगर्णीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला, तेव्हासुद्धा पाणी आमच्या परड्यातल्या गोठ्याला लागून थांबलं होतं. पुढे ओढा नदीला मिळतो त्या तोंडाशी, मळीच्या म्हणजे काठच्या गाळाच्या रानात, एक मंगल कार्यालय उभं राहिलं. ट्रॅक्टरनं दिवसरात्र मुरूम ओतून दीड पुरुष भराव केला, भोवती दगडी कुंपण घातलं. 2021 च्या जुलैत मारुतीच्या देवळाजवळ पाणी 2019 पेक्षा पायरीभर कमीच होतं. तरी आमच्या परड्यात दोन फूट जास्त चढलं आणि पाठीमागच्या दारानं घरात आलं. म्हशी सोडवून हायस्कूलच्या पटांगणात नेल्या. ज्वारीची पोती तेवढी घरातच राहिली.

नदी फुगली की ओढ्याचं पाणी पुढे जात नाही, मागं सरतं. आम्ही त्याला फुगवटा म्हणतो. हे पाणी मळीत पसरायचं, दोन-चार दिवस थांबायचं आणि नदीला उतार पडला की आपल्या वाटेनं निघून जायचं. मळी म्हणजे नदीचं अंगणच. तिथं वांगी, मिरची, वैरण करावी. भिंत घालू नये, हे आमच्या आज्याला कुणी सांगावं लागलं नव्हतं. ते अंगण भरून टाकल्यावर पाणी शेजाऱ्याच्या दारात जाणार, दुसरीकडे कुठं जाईल?

पूर ओसरल्यावर मी परवान्याची चौकशी करायला गेलो. कागद सगळे बरोबर होते. उतारा होता, एनए झालेलं होतं, नकाशा जोडलेला, शिक्का मारलेला. सही करणारा अधिकारी तिशीतला, बोलायला गोड. त्यानं फाईल माझ्यापुढं उघडली आणि कानडी वळणाच्या मराठीत खरं ते सांगितलं, "काका, नकाशात नदी आहे, पूर कुठं दाखवलाय?" रस्त्यापासून किती फूट सोडायचं हे त्याला तोंडपाठ होतं. नदीपासून किती, ओढ्याच्या तोंडापासून किती, भराव टाकला तर काय होतं, यातलं त्याला कधी कुणी शिकवलंच नव्हतं. त्याच्यावर माझा राग नाही. ज्यांनी त्याला न शिकवता सहीला बसवलं, त्यांच्यावर आहे.

कारवारच्या किनाऱ्याला सीआरझेड म्हणजे समुद्रकाठच्या बांधकामाचे नियम आहेत; 2019 च्या अधिसूचनेत भरतीरेषेपासून काय चालेल, काय चालणार नाही ते लिहिलेलं आहे. तलावांसाठी कर्नाटकानं 2014 साली वेगळा कायदा केला. आमच्यासारख्या खेड्यांत नदीकाठावर मात्र जमिनीवर आखलेली रेघच नाही. पलीकडे महाराष्ट्रात पाटबंधारे खातं निळी रेषा आणि लाल रेषा आखतं. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणारा पूर ही निळी, 100 वर्षांतला ही लाल. निळीच्या आत बांधकाम नाही. कोल्हापुरात रेषेच्या आतही घरं झाली, हे मला ठाऊक आहे. पण तिथल्या माणसाला निदान बोट ठेवून भांडायला रेषा तरी आहे. वेदगंगा, दूधगंगा दोन्ही तिकडूनच येतात. हद्द ओलांडली म्हणून पाण्याचा स्वभाव बदलत नाही.

माझा भाचा अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात नोकरीला आहे. तिथं 1971 पासून काठाचा कायदा आहे. समुद्रच नव्हे, मोठ्या नद्या आणि 20 एकरांवरचे तलावही त्यात येतात. पाण्याच्या नेहमीच्या वरच्या खुणेपासून 200 फुटांच्या आत काही बांधायचं तर त्या कायद्याच्या कसोटीला उतरावं लागतं. परवाना देतात गावाचे, शहराचे स्थानिक अधिकारीच. पण राज्य सरकार त्यांच्यासाठी वर्ग घेतं आणि ती खूण कशी ओळखायची हे काठावर नेऊन शिकवतं. माती कुठं बदलते, झाडं कुठं बदलतात, ते दाखवतं. मला हे ऐकून नवल वाटलं नाही. आमच्याकडं ही विद्या म्हाताऱ्यांकडं आहे, फक्त तिच्यावर सरकारी शिक्का नाही.

म्हणून माझी मागणी पीडीओ (ग्रामपंचायतीचे विकास अधिकारी), तलाठी, तालुका पंचायतीचे अभियंते आणि नगरविकास प्राधिकरणात नकाशे तपासणारे, या सगळ्यांच्या शिक्षणाची आहे. ठराव करणारे सदस्यही त्यात हवेत. म्हैसूरला ग्रामविकासाची अब्दुल नझीर साब संस्था आहे, धारवाडला जल व भूमी व्यवस्थापन संस्था आहे. त्यांनी अभ्यासक्रम करावा, पण वर्ग सभागृहात पडद्यापुढं भरवू नये. पूर ओसरल्यावर आठवडाभरात काठावर भरवावा. भिंतीवरची गाळाची रेघ तेव्हा ओली असते, बाभळीच्या फांद्यांत उसाचा पाला आणि चिंध्या अडकलेल्या असतात. लव्हाळा आणि वाळुंज कुठं संपतात, मळीची माती कुठं संपून मुरूम लागतो, हे चालत चालत दिसतं. कुणाच्या दारात किती पाणी होतं हे विचारायला माणसं घरातच भेटतात. ती मराठीत सांगतील. अधिकाऱ्यानं ते कानडीत लिहून घ्यावं, पण लिहून घ्यावं.

मग फाईल समोर आली की त्यानं आधी एवढंच विचारावं: आज या जागेत जे पाणी मावतं, ते उद्या कुठं जाणार? भरावाऐवजी खांबांवर बांधता येईल का? ओढ्यावर मोरी घालणार तर ती केवढी? आणि सही झाल्यावरही एकदा जागेवर जावं, कारण परवाना इमारतीचा निघतो आणि मुरूम मागाहून पडतो. अधिकाऱ्यांच्या बदल्या होतात, तेव्हा हा वर्ग दरवर्षी हवा.

पहिला वर्ग आमच्या गावात घ्या. आमच्या घराच्या पाठभिंतीवर 2021 ची रेघ अजून आहे. तिच्यावर मी चुना मारू दिलेला नाही.

आपला,
वेदगंगाकाठचा एक शेतकरी
ता. निपाणी, जि. बेळगाव