त्या बाईंच्या चादरीविषयी

चि. महेश यास,
अनेक आशीर्वाद.

एका वयस्क बाईंना बाहेरगावची हलकी चादर सोलापुरी म्हणून दिली आणि ‘मस्त गंडवलं’, असे तू रविवारी फोनवर हसत सांगितलेस. अक्का शेजारी बसली होती, म्हणून मी गप्प राहिलो. त्यांचे पैसे परत केलेस का?

पत्त्यांच्या डावात भिडूला चकवले तरी आपण ‘गंडवलं’ म्हणतो, त्यामुळे हा शब्द जिभेवर सहज येतो. वर्तमानपत्रात मात्र तोच ‘लाखोंचा गंडा’ म्हणून छापून येतो आणि त्यापायी एखाद्याचे घर बसलेले असते. विश्वास ठेवणाऱ्यालाच फसवले, तर त्याला केसाने गळा कापणे म्हणतात. तू सोलापूरचा आहेस हे कळल्यावर त्या बाईंनी घडी उलगडूनसुद्धा पाहिली नाही, हे तूच म्हणालास, आणि मला तेच फार लागले. आपल्या चादरीला भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे ते नाव दुसरीकडच्या मालाला लावताच येत नाही. लोक ज्याला चारशेवीस म्हणतात, ते कलम 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत 318 झाले आहे. फसवून पैसे काढले तर सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. धाक घालण्यासाठी हे लिहीत नाही. पुन्हा व्याख्यान झाले, राग मानू नकोस.

आजोबा मागावरून उतरलेली प्रत्येक चादर उजेडात धरून, उलटसुलट करून पाहत आणि एखादा धागा तुटलेला दिसला की ती ‘सेकंड’च्या थप्पीत टाकत. गड्ड्याच्या यात्रेत आपल्या स्टॉलवर तू, दहा वर्षांचा, गिऱ्हाइकाला मोठ्याने म्हणाला होतास, “काका, ही सेकंडची आहे, भाव कमी करून मागा.” धाकटे काका चिडले, पण मी ती गोष्ट गल्लीभर सांगत हिंडलो होतो. आजही तू एकट्याने दुकानाचे काउंटर सांभाळतोस, याचे मला कौतुक आहे; म्हणूनच त्या बाईंचा विषय सोडवत नाही.

बिलावर त्यांचा नंबर असेल. चादर परत घे आणि पूर्ण रक्कम दे. मालक अडवत असतील तर पैसे मी पाठवतो. दिलेस की मला फोन कर. अक्काला अजून काही सांगितलेले नाही.

तुझे,
अप्पा
सोलापूर