‘ब्लू रेव्ह’चं परीक्षण कानांनी व्हायला हवं होतं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत टोरांटोच्या ‘ऑलवेज’ या बँडच्या ‘ब्लू रेव्ह’ या 2022 च्या अल्बमचं परीक्षण वाचलं. मराठी पुरवणीत इंडी पॉपला, म्हणजे बड्या कंपन्यांच्या साच्याबाहेरच्या पॉपला, जागा मिळाली म्हणून झालेला आनंद दुसऱ्या परिच्छेदापर्यंतच टिकला. निम्मा मजकूर हा बँड कुणाकुणासारखा वाजतो, हे सांगण्यातच संपलाय. ‘द बर्ड्स’सारखे जुने बँड आले, ‘द स्मिथ्स’ आले, ‘आर.ई.एम.’ आले आणि शेवटी निकाल काय, तर नवीन काही नाही. दोन तारे.

या सगळ्या बँडना जोडणारी गिटारची किणकिण जुनी आहे, हे खरंच. ‘द बर्ड्स’च्या रॉजर मॅग्विननं 1965 मध्ये बारा तारांच्या रिकनबॅकर गिटारवर ती गाजवली. ऐंशीच्या दशकात ‘स्मिथ्स’चा जॉनी मार आणि ‘आर.ई.एम.’चा पीटर बक यांनी ती आपापल्या परीनं पुढं नेली. पण म्हणून काय झालं? केसरबाई आणि मोगूबाई दोघी अल्लादियाखाँसाहेबांकडं शिकल्या. एकीला ऐकलं, आता दुसरीचं कशाला, असं आपल्या कोल्हापूरच्या देवल क्लब या संगीतसंस्थेत कुणी म्हटल्याचं ऐकिवात नाही. (खाँसाहेबांच्या कोल्हापुरात हे पत्र लिहून सांगावं लागतंय, हीही गंमतच.)

पहिलंच गाणं घ्या. औषधाच्या दुकानात जुन्या ओळखीच्याची बहीण दिसते, तो परत आलाय हे कळतं. गोष्ट एवढीच, गाणं जेमतेम दोन मिनिटांचं. बँडची गायिका मॉली रँकिन ते कसलाही आव न आणता गाते. शब्द संपतात आणि अलेक ओ’हॅन्लीची गिटार अशी काही किंचाळते, की तिनं बोलायचं टाळलेलं सगळं तिथं बाहेर पडतं. परीक्षकांना तो ‘शेवटचा गोंगाट’ वाटला! ‘बिलिंडा सेज’मध्ये पोटुशी मुलगी शहर सोडून गावाकडं राहायला निघते आणि शेवटाकडं अख्खं गाणंच वरच्या पट्टीत चढतं. पॉपमधली ही युक्ती वापरून वापरून पार झिजलीय, तरी इथं अंगावर काटा येतो. तो का येतो, ते लिहायचं होतं.

आधीचा अल्बम 2017 चा. मधल्या काळात रँकिनच्या घरातून डेमो, म्हणजे गाण्यांची कच्ची ध्वनिमुद्रणं, चोरीला गेले, लगेच तळघरात पाणी शिरलं, मग कोरोनात सीमा बंद झाल्या. शेवटी स्टुडिओत निर्माता शॉन एव्हरेटनं बँडला सगळा अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग दोनदा वाजवायला लावला, दोन गाण्यांच्या मध्ये फक्त 15 सेकंद. या गाण्यांना जी धाप लागल्यासारखी वाटते, ती तिथली आहे. परीक्षणात याचा उल्लेखसुद्धा नाही.

सगळंच उत्तम आहे, असं माझं म्हणणं नाही. 14 गाण्यांतली मधली तीन-चार एकमेकांत मिसळतात, आवाजाच्या थराखाली शब्द हरवतात, ही तक्रार काही ठिकाणी रास्तच आहे. परदेशी समीक्षकांनी केलेलं कौतुकही मला बरंचसं ‘लई भारी’ छापाचं वाटलं. त्यांच्या मागं जाऊ नकाच.

फक्त पुढच्या वेळी परीक्षकांना एखादं गाणं तरी उलगडून दाखवायला सांगा. तारे छापणं बंद केलंत, तर त्या जागेत आणखी दोन ओळी मावतील.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर