काळा रंग आणि कडकनाथची शुद्धता

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाच्या शेतीविषयक पानावर गेल्या आठवड्यात कडकनाथ पालनावर सविस्तर लेख आला होता. परसबागेतल्या कोंबड्यांना वर्तमानपत्रात इतकी जागा क्वचितच मिळते, म्हणून तो मी दोनदा वाचला. मात्र त्यातील काही विधाने दुरुस्त होणे गरजेचे आहे, कारण त्यांच्या भरवशावर शेतकरी पैसे मोजतात.

कडकनाथचे रक्त आणि अंडी काळी असतात, हे पहिले विधान. रक्ताचा रंग हिमोग्लोबिनमुळे येतो आणि तो कडकनाथमध्येही लालच असतो. अंड्याच्या कवचाचा रंग अंडनलिकेत वेगळ्याच रंगद्रव्याने चढतो, त्याचा कातडीतल्या मेलॅनिन या काळ्या रंगद्रव्याशी संबंध नाही. कडकनाथचे अंडे फिकट तपकिरी असते. आठवडी बाजारात कोणी काळे अंडे दाखवलेच तर ते आधी ओल्या फडक्याने पुसून पाहावे.

दुसरे विधान अधिक महागात पडणारे आहे. ‘चोच, जीभ आणि पाय काळे असले की पिल्लू अस्सल समजावे’, असे लेखात म्हटले आहे. मी तीस वर्षे महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवले, तरीही नेमका याच समजुतीने फसलो, म्हणून हे जरा विस्ताराने लिहितो. निवृत्तीनंतर मी खात्रीची म्हणून १२ पिल्ले विकत घेतली. सगळी काळीभोर, जिभेपासून नखापर्यंत. मोठी झाल्यावर त्यांतील एक कोंबडा आणि सात तलंगा, म्हणजे तरुण माद्या, ठेवल्या. कडकनाथ कोंबडी सहसा नीट खुडूक बसत नाही, म्हणून शेजारच्या दोन गावरान खुडूक कोंबड्यांखाली २४ अंडी ठेवली. एकविसाव्या दिवशी १९ पिल्ले निघाली आणि त्यांतील पाचांनी मला विचारात पाडले. त्यांच्या पोटाखालची लव बाजूला केली की कातडी पांढरी दिसे, तोंड आतून गुलाबी, आणि पुढे तीन महिन्यांत तुराही लाल झाला. पायांच्या नळ्या तेवढ्या पाटीच्या रंगाच्या. विक्रेत्याने दोष खाद्याला दिला. खाद्याचा यात काडीचाही संबंध नव्हता.

काळ्या कातडीला कारण असलेला बदल कोंबडीच्या विसाव्या गुणसूत्रावर आहे. तेथे एंडोथेलिन-३ हा जनुक असलेला तुकडा दुप्पट झालेला असून आजूबाजूची मांडणीही उलटसुलट झाली आहे. गर्भावस्थेत रंगपेशींच्या पूर्वज पेशी चेतासंस्थेच्या कडेने निघून एरवी मुख्यतः पिसांकडे आणि कातडीच्या वरच्या थराकडे जातात. या कोंबड्यांत एंडोथेलिन जास्त तयार होत असल्याने त्या पेशींची संख्या वाढते आणि त्या हाडांवरची आवरणे, स्नायूंची पटले, श्वासनलिका अशा एरवी वर्ज्य असलेल्या ठिकाणीही जाऊन बसतात. हा गुण प्रभावी आहे, म्हणजे आई किंवा बाप यांपैकी एकाकडून जरी तो आला तरी पिल्लू काळे होते. माझी १२ पिल्ले बहुधा कडकनाथ कोंबडा आणि काळपट पायांच्या साध्या गावरान कोंबड्या यांची होती. ती दिसायला काळी, पण प्रत्येकात काळेपणाच्या जनुकाची दोनपैकी एकच प्रत. तशांचा आपसांत संकर झाला की चारांत एक पिल्लू उजळ कातडीचे निघणार. एकोणीसात पाच हे त्या हिशेबाला धरूनच झाले.

प्रत्यक्षात गुंता याहून मोठा आहे. कातडीतल्या रंगाला अटकाव करणारा आणखी एक जनुक झेड या लिंगगुणसूत्रावर असतो आणि लेगहॉर्नसारख्या पिवळ्या पायांच्या जातींत तो आढळतो. पक्ष्यांत नराला दोन झेड आणि मादीला एक झेड व एक डब्ल्यू असतो, त्यामुळे तलंगेला तिचा एकुलता झेड बापाकडूनच मिळतो. आता कडकनाथ कोंबडा आणि पिवळ्या पायांची कोंबडी अशी जोडी लावली तर माद्या काळ्या निघतात, नर मात्र आईकडून आलेल्या अटकाव जनुकामुळे उजळ राहतात. तीच जोडी उलटी लावली, म्हणजे कडकनाथ कोंबडी आणि पिवळ्या पायांचा कोंबडा, तर नर-मादी दोन्ही उजळ! केंब्रिजचे आनुवंशिकीतज्ज्ञ बेटसन आणि पनेट यांनी रेशमी पिसांच्या सिल्की कोंबड्यांवर हाच प्रयोग करून १९११ साली त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. याच बेटसनने १९०२ मध्ये कोंबड्यांच्या तुऱ्यांवरून मेंडेलचे आनुवंशिकतेचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखवले होते. आपल्या पाठ्यपुस्तकांत मात्र वाटाण्यापुढे आम्ही फारसे कधी सरकलो नाही, त्यात माझाही वाटा आहे.

यावरून शेतकऱ्याच्या उपयोगाची गोष्ट अशी की, कोणी फक्त काळ्या तलंगा विकत असेल आणि ‘कोंबडे संपले’ असे सांगत असेल, तर त्या खुराड्यातले कोंबडे कसे दिसतात हे पाहण्याचा आग्रह जरूर धरावा. आपल्याकडचा कोंबडा तपासायचा असेल तर तो काळपट पायांच्या, पण पांढऱ्या कातडीच्या तीन-चार गावरान कोंबड्यांत सोडावा. एक जरी पिल्लू उजळ कातडीचे निघाले तरी कोंबडा मिश्र ठरला. मिश्र कोंबड्याची आठच्या आठ पिल्ले काळी निघण्याची शक्यता २५६ मध्ये १ इतकीच असते.

या चाचणीत कोंबडा उत्तीर्ण झाला तरी तो काळेपणापुरताच शुद्ध ठरतो. एवढेच काय, डीएनए तपासणीतून हा एकच बदल शोधून ‘कडकनाथ’ असे प्रमाणपत्र देणेही चुकीचे होईल, कारण हाच बदल सिल्कीमध्ये आहे आणि इंडोनेशियातील आयाम चेमानी या जातीतही आहे. मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर आणि धार भागांत भिल्ल व भिलाला समाजाने पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलेला हा पक्षी तिथे कालीमासी म्हणून ओळखला जातो. त्याचा काटकपणा, बांधा आणि शंभराच्या आसपासच राहणारी वर्षाची अंडी हे सगळे अनेक जनुकांचे मिळून झालेले आहे, ते एका जिभेच्या रंगात मावत नाही. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तेही त्या प्रदेशाशी जोडलेले. आपल्या जिल्ह्यात वाढवलेल्या पक्ष्यावर ते लावता येत नाही.

संकराला माझा विरोध नाही, हेही स्पष्ट करतो. बरेलीजवळच्या इज्जतनगर येथील केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने कडकनाथच्या संकरातून ‘कारी श्यामा’ ही कोंबडी तयार केली, ती कडकनाथपेक्षा कितीतरी जास्त अंडी देते आणि स्वतःच्या नावाने विकली जाते. गिरिराज आणि वनराजही आपल्याकडे संकरित म्हणूनच घेतले जातात. माझा आक्षेप आहे तो पहिल्या पिढीच्या संकराला शुद्ध जातीचा भाव लावण्याला.

लेखाच्या शेवटच्या चौकटीत जपानी लावा या छोट्या पाळीव पक्ष्याबद्दल लिहिताना, पिवळसर लाव्यांची अंडी ‘हवामानामुळे’ कमी उबतात, असे म्हटले आहे. जपानी लाव्यात गव्हाच्या काडासारखा पिवळा रंग देणारा एक प्रभावी बदल आहे. गुणसूत्राचा एक तुकडाच गळून पडल्याने तो होतो, हे २००८ मध्ये सिद्ध झाले. त्याची एक प्रत असली तर पक्षी पिवळा आणि धडधाकट; दोन्ही प्रती आल्या तर गर्भ अंड्यातच मरतो. म्हणून पिवळा नर आणि पिवळी मादी अशी जोडी लावणाऱ्याची एक चतुर्थांश फलित अंडी अशीच जातात आणि उरलेल्यांत दोन पिवळ्यांमागे एक तपकिरी निघतो. सतराव्या दिवशी, म्हणजे पिल्ले निघण्याच्या वेळी, यंत्राची तापमापके तपासत बसण्यापेक्षा पिवळ्याला साध्या तपकिरी मादीशी जोडावे. तरीही निम्मी पिल्ले पिवळी मिळतात आणि या कारणाने एकही अंडे वाया जात नाही.

माझी विनंती दोन बाबींपुरती आहे. अंड्यांच्या आणि रक्ताच्या रंगाबद्दलची दुरुस्ती आपण त्याच पानावर छापावी. आणि पिल्ले वाटणाऱ्या सरकारी व खासगी उबवणी केंद्रांनी प्रत्येक खेपेबरोबर मातृकळपाची नोंद द्यावी: नर कुठून आणले, माद्या कुठून आणल्या, मागच्या उबवणीत उजळ पिल्ले किती निघाली. हा शेवटचा आकडा प्रत्येक केंद्राला ठाऊक असतो, कारण ती पिल्ले विक्रीपूर्वी कोणीतरी हाताने वेगळी काढलेली असतात.

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक, संगमनेर