पाणी सरकारचे, धक्का शेजाऱ्याचा

नागपूर,
दि. २७ मे

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. इथे नवतपा सुरू झाला आहे आणि दुपारभर कूलरसमोरून हलण्याची सोय नाही, तेव्हा तुझ्या प्रश्नाला सविस्तर उत्तर लिहायला मला सवडच सवड आहे. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या ॲनापोलिसजवळच्या खाडीत होडीतून खेकडे धरत असताना एका घरमालकाने होडी बांधण्याच्या आपल्या धक्क्यावर येऊन तुला हटकले, आणि पाणी काय त्याच्या तीर्थरूपांचे आहे का, असे तू मला विचारतोस. नाही, त्याच्या तीर्थरूपांचे नाही. परंतु त्याचे म्हणणे अगदीच गैरवाजवी होते, असेही मला वाटत नाही. मेरीलँडला नोकरीनिमित्त राहत असताना धक्क्यावरचे आणि होडीतले, असे दोन्ही बाजूंचे लोक मी जवळून पाहिले आहेत.

तेथे भरती-ओहोटीचे पाणी आणि सरासरी भरतीच्या रेषेखालचा तळ सर्वसाधारणपणे राज्याचा, म्हणजे सर्वांचा मानला जातो; धक्का, त्याचे खांब आणि त्याला बांधलेली होडी मात्र मालकाची. आपल्या भंडारा-गोंदियाकडच्या कित्येक तलावांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, त्यामुळे गळ टाकण्यापूर्वी कोणाला विचारायचे हे पोरासोरांनाही ठाऊक असते. मेरीलँडला पाण्यासाठी कोणाला विचारावेच लागत नाही आणि सगळी कुरबूर तिथूनच सुरू होते. धरमपेठेत आपल्या फाटकासमोरचा रस्ता महानगरपालिकेचा असतो, तरी कोणी तिथे गाडी आडवी लावली की आपण तावातावाने बाहेर येतोच ना? त्या गृहस्थाचे तसेच झाले असावे.

खेकडे धक्क्याशी जमतात यात तुझा दोष नाही. खांबांवर शेवाळ आणि शिंपल्यासारखे जीव चिकटलेले असतात, खाली सावली असते आणि कात टाकून मऊ पडलेल्या खेकड्याला लपायला तेथे आडोसा मिळतो. म्हणून दांड्याची जाळी घेऊन एकेका खांबाशी जायचे आणि चिकटलेला खेकडा अलगद खरवडून घ्यायचा, हा मोह भल्याभल्यांना होतो. पाण्यातून हे करण्यास सहसा कोणी मज्जाव करू शकत नाही, परंतु होडी खांबाला घासता कामा नये, तोल सावरण्यासाठी धक्क्याला हात लावणे किंवा दोरी बांधणे टाळावे, आणि धक्क्यावर माणसे बसलेली असतील, मुले पोहत असतील, तर तो धक्का सोडून सरळ पुढे जावे. पहाटेची गोष्ट तर निराळीच. पाण्यावरून आवाज फार दूर जातो. होडीत आपण साध्या आवाजात बोललेलेही काठावरच्या शयनगृहात ऐकू येते. मोटर अगदी मंद ठेवावी, नाहीतर मागे उठणाऱ्या लाटेने बांधलेल्या होड्या खांबांवर आपटतात, आणि मग मालक कायद्याचे पुस्तक नव्हे, फोन हातात घेतो.

तू ट्रॉटलाइन टाकणार असल्याचे लिहिले आहेस. ठरावीक अंतरावर आमिष बांधलेला तो लांबलचक दोर दुसऱ्याच्या टाकलेल्या साधनापासून किमान १०० फूट दूर ठेवावा, असा नियम आहे. धक्क्याच्या तोंडाशी तो आडवा मुळीच टाकू नये, कारण मालकाची होडी बाहेर निघाली की दोर तिच्या पंख्यात गुंडाळला गेलाच म्हणून समज. धक्क्यालगत तरंगणारे बोये दिसतील, त्यांच्याखाली मालकाचे तारेचे पिंजरे असतात. काठावर मालमत्ता असणाऱ्याला नोंदणी करून असे दोनच पिंजरे ठेवता येतात, आणि त्यांच्या तोंडाला कासवे आत शिरू नयेत म्हणून चौकट बसवणे बंधनकारक असते, कारण त्या खाडीतले डायमंडबॅक कासव श्वासासाठी वर येऊ शकले नाही तर पिंजऱ्यातच बुडून मरते. दुसऱ्याचा पिंजरा 'जरा बघावा' म्हणूनही उचलू नकोस. तेथे याला सरळ चोरी समजतात, आणि या बाबतीत मी पूर्णपणे त्यांच्या बाजूने आहे.

सगळ्यात निरुपद्रवी म्हणजे कोंबडीची मान दोरीला बांधून सोडणे. दोरी ताणली गेली की ती इतकी हळू ओढायची की खेकड्याला कळूही नये, आणि तो पाण्यात अंधूक दिसू लागताच खालून जाळी घालायची. ही मजा कोणाच्या धक्क्यावर बसून करायची असेल, तर मात्र आधी दार वाजवून परवानगी घेतलीच पाहिजे, आणि निघताना उरलेल्या माना व चिंध्या पिशवीत भरून घरी न्याव्यात. उन्हात त्यांना सुटणारा वास दोन घरे पलीकडे जातो. हटकणाऱ्या गृहस्थाकडेही एकदा जाळी घरी ठेवून जा. तू कोण, कुठे राहतोस आणि साधारण कोणत्या वेळी येतोस, एवढे सांगितले तरी पुष्कळ फरक पडतो. डझनभर चांगले खेकडे दिलेस तर उत्तमच, कारण धक्का असलेल्या प्रत्येकाला खेकडे धरण्याची हौस असतेच असे नाही, खाण्याची मात्र बहुतेकांना असते.

काय ठेवावे आणि काय सोडावे, यावरही काठावरच्या लोकांची नजर असते. खेकडा उलटा करून पाहा. पोटाखालची झडप अरुंद आणि उंच मनोऱ्यासारखी असेल तर नर, रुंद घुमटासारखी असेल तर वयात आलेली मादी, आणि तिच्या नांग्यांची टोकेही नखे रंगवल्यासारखी लाल असतात. हौशी माणसाला कडक कवचाची मादी ठेवता येत नाही. कडक कवचाच्या नराची रुंदी कवचाच्या एका बाजूच्या काट्याच्या टोकापासून दुसऱ्याच्या टोकापर्यंत १४ जुलैपर्यंत किमान ५ इंच भरावी लागते आणि १५ जुलैपासून ५.२५ इंच. नर एखाद्या मादीला पोटाशी धरून पोहताना सापडला, तर मादी लगेच सोड. ती पुढे खाडीच्या मुखाकडच्या खाऱ्या पाण्यात अंडी द्यायला जाते. हंगामाची मुदत, परवाना, दिवसाची मर्यादा आणि बुधवारी खेकडे धरण्यावरचे निर्बंध बदलत राहतात, म्हणून होडी काढण्यापूर्वी राज्याच्या नैसर्गिक संसाधन विभागाचे चालू वर्षाचे नियम वाचून घे.

त्या गृहस्थाची भेट झाली की काय बोलणे झाले ते कळव. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

कळावे, लोभ असावा.

तुझा,
विनायक