आमच्या गावच्या ग्रामसेविका मॅडमना अनावृत आभारपत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार.

आपली बदली दुसऱ्या तालुक्यात झाल्याचे उशिरा कळले आणि प्रत्यक्ष भेटून आभार मानायचे राहून गेले, म्हणून हे पत्र. ते अनावृत ठेवले आहे, कारण माझ्या मेहुण्यांच्या निधनानंतर बहिणीच्या संसारासाठी आपण जे केले ते नेमके कसे केले, हे अशाच प्रसंगातून जाणाऱ्या इतर घरांनाही कळावे अशी इच्छा आहे. आपले आणि गावाचे नाव मुद्दामच लिहिलेले नाही.

मेहुणे मजुरीवर ट्रॅक्टर चालवत असत आणि त्यांचा मृत्यू शहरातील रुग्णालयात झाला. आम्ही मृत्यूच्या दाखल्यासाठी ग्रामपंचायतीत आलो, तेव्हा आपण सांगितले की मृत्यू जिथे होतो तिथल्याच निबंधकाकडे त्याची नोंद होते, त्यामुळे दाखला शहरातूनच मिळेल. मात्र 21 दिवसांच्या मुदतीत रुग्णालयाकडून नोंद गेली आहे ना, आणि नाव आधार कार्डावर आहे तसेच लिहिले आहे ना, हे आत्ताच पाहून घ्या. आपले काम खरे तर तिथेच संपले होते, कारण तो दाखला आपल्या दप्तरातून निघणारच नव्हता. तरीही आपण बहिणीला बसवून घेतले आणि मुले किती वर्षांची आहेत, शिधापत्रिका कोणत्या रंगाची आहे, सातबाऱ्यावर कोणाचे नाव आहे, बँकेचे खाते तिच्या एकटीच्या नावावर आहे का, असे एकेक विचारत गेलात.

त्या प्रश्नांचे मोल मला फार नंतर समजले. घर एकच असते, पण त्याच्यासाठीच्या योजना वेगवेगळ्या खात्यांत विखुरलेल्या असतात. संजय गांधी निराधार अनुदान योजना आणि कर्ता माणूस गेल्यावर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला एकदाच 20,000 रुपये देणारी राष्ट्रीय कुटुंब लाभ योजना तहसील कार्यालयात, शिधापत्रिका त्याच तहसीलच्या पुरवठा शाखेत, मुलांचे बालसंगोपन जिल्ह्याला महिला व बालविकास खात्याकडे. प्रत्येक टेबलावरचा माणूस आपापल्या योजनेपुरते बोलतो, आणि त्याच्याकडेही जे विचारले तेवढेच सांगतो. ज्या बाईला योजनेचे नावच ठाऊक नाही, तिने विचारायचे तरी काय? आमच्या वतीने ते प्रश्न आपण विचारलेत, आणि माझे आभार मुख्यतः त्यासाठी आहेत.

कागदांचा क्रम लावून देणे हे दुसरे मोठे काम. बहिणीकडे उत्पन्नाचा दाखला होता, पण तो मेहुण्यांच्या मजुरीसह काढलेला होता. निराधार योजनेला कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न 21,000 रुपयांच्या आत लागते, म्हणून जुना दाखला जोडला असता तर अर्ज पहिल्याच छाननीत बाद झाला असता. आधी मृत्यूचा दाखला, मग शिधापत्रिकेतून मेहुण्यांचे नाव कमी करून कुटुंबप्रमुख म्हणून बहिणीचे नाव, मग उत्पन्नाचा नवा दाखला आणि त्यानंतर अर्ज, हा क्रम आपण एका कागदावर लिहून दिला. (21,000 म्हणजे महिन्याला 1,750 रुपये. एवढ्यात कोणाचेही घर चालत नाही, आणि ही मर्यादा अजून का टिकून आहे हा प्रश्न आपल्याला नव्हे, शासनाला विचारायचा आहे.) शेजारच्या बायका तिला लाडकी बहीण योजनेचाही अर्ज भरायला सांगत होत्या, पण दुसऱ्या शासकीय योजनेतून दरमहा 1,500 रुपये मिळत असतील तर बाई तिथे अपात्र ठरते, हेही आपण वेळीच सांगितलेत.

बालसंगोपनाविषयी थोडे अधिक लिहितो, कारण ही योजना केवळ अनाथ मुलांसाठी आहे असा समज आमच्याकडे पक्का होता, आणि एका कार्यालयात तर ती बंद झाल्याचे आम्हाला तोंडी सांगण्यात आले होते. एक पालक गमावलेल्या मुलांनाही क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजनेतून अठरा वर्षांपर्यंत दरमहा 2,250 रुपये मिळू शकतात, आणि बहिणीला स्वतःला निराधार योजनेतून मिळणाऱ्या दीड हजारांपेक्षा एका मुलामागची ही रक्कम जास्त आहे. आपण अंगणवाडी सेविका ताईंना सोबत घेऊन दोन्ही मुलांची बोनाफाईड प्रमाणपत्रे शाळेतून मागवली, घरासमोर आई आणि मुलांचा फोटो काढवून घेतला, आणि गृहभेटीला येणारे कर्मचारी काय विचारतील याची बहिणीला कल्पना दिली. बालकल्याण समितीपुढे ती न घाबरता बोलली. दिराकडे बघून उत्तर देण्याची सवय असलेल्या माझ्या बहिणीसाठी ही मोठी गोष्ट होती.

अडचणी आल्याच. आधारवर माहेरचे आडनाव, शिधापत्रिकेवर सासरचे, आणि आता अनुदान थेट आधारशी जोडलेल्या खात्यात येत असल्यामुळे हा फरक नुसता कागदावरचा राहत नाही, पैसेच अडतात. ते दुरुस्त होईपर्यंत बहीण कंटाळून गेली होती. अर्ज दिला की पोच घ्यायची आणि परत पाठवला तर कारण लेखी मागायचे, हा आपला आग्रह मला सुरुवातीला वेळखाऊ वाटला होता. पण अधिसूचित, म्हणजे शासनाने तशा जाहीर केलेल्या, सेवांसाठी हा हक्क महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, 2015 नेच दिलेला आहे आणि पोच दाखवल्यावर समोरच्याच्या बोलण्याचा सूर बदलतो, हे मी स्वतः पाहिले.

निराधार अनुदान आणि बालसंगोपन दोन्ही आता सुरू झाले आहे. कुटुंब लाभ योजनेचा अर्ज मंजुरीसाठी आहे. दरवर्षीचा हयातीचा दाखला कधी द्यायचा, हे बहिणीने आपण दिलेल्या त्याच कागदाच्या मागे लिहून ठेवले आहे.

या पत्राची एक प्रत गटविकास अधिकाऱ्यांना देत असून आपल्या सेवापुस्तकात तिची नोंद व्हावी अशी विनंती केली आहे. मृत्यूच्या नोंदीसाठी येणाऱ्या प्रत्येक कुटुंबाला आपण लिहून दिला तसा एक कागद छापून द्यावा, अशीही विनंती त्यासोबत जोडली आहे. जाताना आपण अपुऱ्या अर्जांची यादी नव्या ग्रामसेवकांकडे सोपवली होती. तीतील वरच्या वस्तीवरच्या आजींचे श्रावणबाळ योजनेचे प्रकरण गेल्या बैठकीत मंजूर झाले, हे आपल्याला कळवावे असे आजींनी मला सांगितले आहे.

आपला कृतज्ञ,
एका लाभार्थी भगिनीचा भाऊ