गुलूच्या संगणक वर्गातील सरांना आभार पत्र

आदरणीय सर,
सप्रेम नमस्कार.

आपण निवृत्त होत असल्याचे आपल्या एका माजी विद्यार्थिनीने कळवले, आणि इतकी वर्षे मनात राहिलेले आभार आता लेखी मांडलेच पाहिजेत असे वाटले. मी पुण्याहून उत्तर युगांडातील गुलूला संगणक शिकवायला आले तेव्हा अभ्यासक्रम तयार होता. परंतु लॉर्ड्स रेझिस्टन्स आर्मी या बंडखोर गटाने शाळेच्या वयात पळवून नेलेल्या, हाती बंदूक दिलेल्या आणि जंगलातून परतेपर्यंत तरुण झालेल्या मुलामुलींसमोर कसे उभे राहायचे, हे मला आपल्याकडून शिकायला मिळाले.

आपल्या वर्गातील सगळी टेबले दाराकडे तोंड करून मांडलेली होती. दाराकडे पाठ असली की कित्येकांचे लक्ष पडद्यावर टिकत नाही, मान सारखी मागे वळते, हे ओळखून आपण ती फिरवून घेतली होती आणि त्यामुळे जमिनीवर आलेल्या वायरी लाकडी पट्ट्यांखाली स्वतः ठोकून बसवल्या होत्या. वीज सौर पॅनेलची होती. दुपारी ढग दाटून आले की आपण आवाज न चढवता एकेकाजवळ जाऊन काम सेव्ह करायला सांगत असा, कारण खोलीत अचानक अंधार झाल्यावर कोणाची काय अवस्था होते हे आपल्याला ठाऊक होते.

कोण जंगलातून आले आणि कोण विस्थापितांच्या छावणीतून, हे आपण नोंदवहीत कधी लिहिले नाही. सगळे एकाच बाकावर बसत. परतलेल्या मुलांना वेगळे काढून मदत केल्यास शेजाऱ्यांच्या मनात अढी बसते आणि मुलांवरचा शिक्का अधिकच गडद होतो, ही जाण सशस्त्र गटांनी वापरलेल्या मुलांविषयीच्या 2007 च्या पॅरिस तत्त्वांतही आहे. उत्तर युगांडातील तरुणांविषयी ब्लॅटमन आणि अ‍ॅनन या संशोधकांचा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. अपहरणामुळे मुलांचे सुमारे एका वर्षाचे शिक्षण बुडाले, कुशल काम मिळण्याचे प्रमाण निम्म्यावर आले आणि कमाई एक तृतीयांशाने घटली, असे त्यात दिसले. या मुलांना हिंसक समजून त्यांच्यापासून चार हात दूर राहणाऱ्यांनी तो अवश्य वाचावा, कारण त्यांचे फार मोठे नुकसान बुडालेल्या शाळेने केले आहे. बॉस्को युगांडा या संस्थेने 2007 पासून छावण्यांमध्ये सौरऊर्जेवरचे संगणक पोहोचवले, त्याचे मोल मला म्हणूनच मोठे वाटते.

ध्वनिमुद्रणाच्या तासाबद्दल मात्र मला आपले विशेष आभार मानायचे आहेत. गुलूच्या मेगा एफएम या रेडिओ केंद्राच्या ‘द्वोग चेन पाचो’ म्हणजे ‘घरी परत या’ या कार्यक्रमात परतलेले तरुण रेडिओवरून जंगलातील साथीदारांशी बोलत आणि शस्त्र टाकणाऱ्या बंडखोरांना माफी देणाऱ्या 2000 च्या कायद्यानंतर घरी यायला हरकत नाही, असा धीर देत. ओळखीच्या आवाजाची ताकद आपल्या विद्यार्थ्यांना माहीत होती, म्हणून आपण टंकलेखनाच्याही आधी त्यांना स्वतःचा आवाज अचोली या तिथल्या भाषेत मुद्रित करायला शिकवलेत. पाठीशी बाळ बांधलेली एक मुलगी बराच वेळ बोलली, हेडफोन लावून तिने ते पुन्हा पुन्हा ऐकले आणि कसे पुसायचे ते विचारले. आपण तिला बटण दाखवलेत. तिने पुसले, आणि दुसऱ्या दिवशी नव्याने बोलायला घेतले. बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना अशा कहाण्या हव्या असत. आपण त्यांना चहा देत असा, फाइल कधीच दिली नाहीत. ज्यांच्या आयुष्याचे निर्णय इतरांनी बंदुकीच्या धाकाने घेतले, त्यांना आपल्या बोलण्यातले काय ठेवायचे आणि काय पुसायचे हे स्वतः ठरवता येणे, हे माझ्या मते त्या वर्गातील सर्वांत मोठे शिक्षण होते.

आपल्या निवृत्तीची बातमी देणारी विद्यार्थिनी आता मोबाइल मनीचे दुकान चालवते, रोजचा हिशेब आपण शिकवलेल्या तक्त्यातच ठेवते आणि मुलीची शाळेची फी त्यातूनच भरते, हेही मी आपल्या कानी घालते.

एक विनंती आहे. वर्गाची मांडणी, ढगाळ दुपारची पद्धत, ध्वनिमुद्रणाचे नियम हे सारे आपण सवडीने लिहून काढावे. इंग्रजीत लिहिल्यास मराठीत मी आणीन, अचोलीत लिहिल्यास आपली विद्यार्थिनी मला समजावून सांगायला तयार आहे.

आपली कृतज्ञ,
पुण्याची एक शिक्षिका