बाई, तुमच्या तबकड्या पोहोचल्या

बाई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही पुण्याला लेकीकडे राहायला गेलात आणि फोंड्याच्या घरातलं ते काचेचं कपाट रिकामं झालं. त्यातल्या गाण्यांच्या तबकड्या आता आम्हा सगळ्यांच्या घरी आहेत. हणजुण्याहून एक व्यापारी आला होता, सगळ्या कपाटाचे एकरकमी पैसे मोजायला तयार होता. त्याला तुम्ही चहा पाजलात, उंडो आणि सुकी भाजी खाऊ घातलीत आणि परत पाठवलंत. मग एकेकाला बोलावून ज्याची त्याची पिशवी हातात दिलीत. आभार मानायला फोन केला की तुम्ही ‘जेवलास काय?’ म्हणून विचारता आणि विषय तिथंच संपतो. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहे. इथं तुम्हाला मध्येच तोडता येणार नाही.

ज्यांना तुम्ही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. बाई म्हणजे आमच्या शाळेतल्या मराठीच्या बाई. जोडाक्षरं आणि समास आम्ही त्यांच्याकडे शिकलो. या बाईंकडे जॅझच्या तबकड्यांचं कपाट आहे हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. यजमान तारवर, म्हणजे बोटीवर नोकरीला होते, न्यूयॉर्कपासून योकोहामापर्यंत जिथं बोट लागेल तिथून एलपी तबकड्या आणायचे. पण आवड बाईंची स्वतःची, लग्नाआधीची. व्हॉइस ऑफ अमेरिका या रेडिओ केंद्रावर विलिस कॉनोव्हर जॅझचा कार्यक्रम करायचे, १९५५ पासून. रात्री शॉर्टवेव्हवर खरखरीतून तो ऐकत बाईंना ही गोडी लागली. कॉनोव्हर मुद्दाम सावकाश बोलायचे, कारण इंग्रजी जेमतेम कळणारे लोक जगभर कान लावून बसलेले असत. बाईंना गाणाऱ्यांची नावं कळली, आणि वर इंग्रजीही सुधारलं. पुढे १९७८ मध्ये मुंबईत रंगभवनला पहिली ‘जॅझ यात्रा’, म्हणजे जॅझचा महोत्सव, झाली तेव्हा ही मराठीची बाई पणजीहून बोटीनं मुंबईला गेली आणि सॉनी रॉलिन्सचा सॅक्सोफोन समोर बसून ऐकून आली. शाळेत अर्जावर कारण काय लिहिलं होतं ते मी इथं सांगत नाही.

बाई, मला आभार मानायचे आहेत ते तुमच्या वाटण्याच्या रीतीचे. हल्ली जॅझवेडे भेटतात तेव्हा पहिल्या पाच मिनिटांत एकमेकांची परीक्षा घेतात. हा ड्रमर माहीत आहे का, ते सेशन ऐकलंय का, मूळ छपाई आहे की नंतरची. फोनवरच्या ग्रुपात एकेक जण सकाळी इतकी गाणी टाकतो की ऐकणारा एकही उघडत नाही. तुमच्या ओसरीवर रविवारी दुपारी एका वेळी एकच गाणं लागायचं, आणि नियमही एकच होता : ‘आदीं आयक, मागीर उलय’, म्हणजे आधी ऐक, मग बोल. गाणं चालू असताना कुणी तोंड उघडलं तर तुम्ही सुई उचलायचात आणि पुन्हा पहिल्यापासून लावायचात. मडगावहून येणारे आमचे एक बँकवाले मित्र, त्यांच्यामुळे आम्ही कितीतरी गाणी दोन-दोनदा ऐकली. त्यांचेही आभार मानायला हवेत.

तुम्ही आम्हाला गायक शिकवले ते एकच चीज निरनिराळ्या गळ्यांतून ऐकवून. ‘बॉडी अँड सोल’ घ्या. आधी कोलमन हॉकिन्सचं, ऑक्टोबर १९३९ चं. गाणारं कुणी नाही, नुसता टेनर सॅक्सोफोन. सुरुवातीला चालीची ओळख पटते न पटते तोच गडी चाल सोडून जो निघतो तो तीन मिनिटांत परत फिरत नाही. मग गायिका बिली हॉलिडेचं १९४० चं, मग सारा वॉनचं १९४६ चं. तिन्ही झाल्यावर तुम्ही विचारायचात, ‘शब्द कुणी जास्त सांभाळले?’ आमच्या भजनी मंडळात जन्म गेलेल्या माणसाला हा प्रश्न लगेच कळतो. एकच बंदिश जयपूरवाला वेगळी मांडतो, आग्र्याचा वेगळी, तिथं कुणी विचारत नाही की मूळ कुणाची. जॅझबद्दलची माझी निम्मी भीती त्या दुपारी गेली.

बिलीच्या बाबतीत तुम्ही कडक होतात. ‘लेडी इन सॅटिन’ ही १९५८ ची तबकडी नवख्याला कधीच ऐकवायची नाही, असा दंडक. त्यात आवाज पार झिजलेला, पाठीमागे व्हायोलिनांचा ताफा, आणि पुढच्याच वर्षी जुलैत ती गेली, चव्वेचाळिसाव्या वर्षी. थेट तिथून सुरुवात केली की ऐकणारा नुसती कीव करतो, गाणं ऐकतच नाही, असं तुमचं म्हणणं. म्हणून आधी १९३७ च्या आसपासची, टेडी विल्सनचा पियानो आणि लेस्टर यंगचा सॅक्सोफोन असलेली गाणी. आवाज लहान, पल्ला फार नाही, तान वगैरे भानगड नाही. पण शब्द तालाच्या किंचित मागे टाकायची तिची जी खोड आहे ती ऐकता ऐकता माझा हात मांडीवर चुकीच्या जागी पडायचा, आणि तुम्ही चष्म्यावरून बघून हसायचात. मला अजूनही वाटतं की ‘लेडी इन सॅटिन’ आधी ऐकली असती तरी चाललं असतं. पण या मुद्द्यावर तुमच्याशी वाद घालायची माझी प्राज्ञा नाही.

गायिका एला फिट्झजेराल्डबद्दल मात्र मी तुमच्याशी भांडलो होतो आणि अजून भांडेन. तिची साँगबुक्स, म्हणजे एकेका गीतकार-संगीतकाराची गाणी घेऊन केलेल्या तबकड्या, मला जरा जास्तच धुतलेली-इस्त्री केलेली वाटतात. त्यावर तुम्ही काही बोलला नाहीत, पुढच्या रविवारी बर्लिनची तबकडी काढलीत. फेब्रुवारी १९६०, समोर हजारो लोक, आणि ‘मॅक द नाइफ’ गाताना एला फिट्झजेराल्ड शब्द विसरते. विसरले म्हणून गाण्यातच सांगते, चालीत, तालात, आणि पुढे मनचे शब्द जुळवत, ट्रम्पेटवाल्या गायक लुई आर्मस्ट्राँगचा घोगरा आवाज काढत गाणं शेवटाला नेते. आमच्या उत्सवातल्या नाटकात नटाला पद आठवेना की मी पेटीवर सूर धरून बसतो आणि विंगेतून कुणीतरी ओळ फेकतं. इथं ओळ फेकणारं कुणी नव्हतं आणि बाईला गरजही नव्हती. मी त्या दिवशी हरलो. साँगबुक्सचं मत बदललेलं नाही, एवढं नमूद करतो.

आता पेटीची गोष्ट. ट्रम्पेटवाल्या माइल्स डेव्हिसची ‘काइंड ऑफ ब्लू’ ही तबकडी तुमच्याकडे दोन रूपांत होती, यजमानांनी आणलेली जुनी एलपी आणि मुलीनं पाठवलेली नवी सीडी. त्यातलं ‘सो व्हॉट’ ऐकताना तुम्ही मला म्हणालात, पेटी काढ. तुमचं सांगणं असं की यातली मुख्य स्वरावली म्हणजे आपला काफी थाट. पांढरी दोनला सा धरायचा, सोळा मात्रा नव्हे तर सोळा आवर्तनं तिथंच राहायचं, मग सगळा संसार उचलून अर्ध्या स्वरानं वर, काळी दोनवर, आठ आवर्तनं, आणि पुन्हा आठ खाली. झालं, एवढाच आराखडा. सूर धरायला गेलो तर एलपीशी माझी पेटी जुळेना. पांढरी दोन कमी पडते, काळी दोन जास्त होते. मला घाम फुटला. तुम्ही शांतपणे म्हणालात, ‘आधी तुझी पेटी तपासून घे.’ मग सीडी लावलीत आणि पांढरी दोन तंतोतंत बसली.

मग तुम्ही खुलासा केलात. २ मार्च १९५९ च्या रेकॉर्डिंगला स्टुडिओतलं टेप मशीन किंचित हळू फिरत होतं. ती टेप योग्य गतीनं वाजवली की सगळं थोडं चढं ऐकू येतं, साधारण पाव स्वरानं. त्या दिवशी झालेल्या तीन रचना म्हणजे एलपीची पहिली बाजू. दुसरी बाजू एप्रिलमधली, ती बरोबर आहे. ही चूक नव्वदच्या दशकात दुरुस्त झाली. म्हणजे तीसेक वर्षं जगभरातले शिकाऊ वादक तबकडीबरोबर वाजवायला बसले की आपलंच वाद्य उतरलं म्हणून खुंट्या पिळत असणार. तुम्ही ती जुनी एलपी मला दिलीत, सीडी नाही. पेटीवाल्याला चढी तबकडी! हा तुमचा विनोद मला घरी आल्यावर कळला.

गोव्याचा जॅझशी संबंध काय, असं कुणी बाहेरचा विचारी तेव्हा तुम्ही उत्तर न देता ‘अलबेला’ सिनेमातलं गाणं लावायचात. संगीत सी. रामचंद्र, पडद्यावर भगवानदादा, दोघेही आपले मराठी, आणि त्यांच्या त्या ठेक्यामागे हळदोण्याचा आन्तोनियो शावियर वाझ, म्हणजे चिक चॉकलेट, ट्रम्पेट घेऊन उभा. मुंबईत लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणायचे. कुडचड्याचे फ्रँक फर्नांद, माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, मडगावचे ख्रिस पेरी, ही सगळी मंडळी चर्चच्या संगीतशाळेत सोल्फेज, म्हणजे पाश्चात्त्य सरगम, घोकून तयार झालेली. नोटेशन वाचता येत असे, म्हणून हॉटेलातल्या बँडमध्ये आणि सिनेमाच्या वाद्यवृंदात त्यांना काम होतं. आपल्या देवळांत पेटी-तबला शिकलेल्या पोरांना ती वाट नव्हती, आणि त्यांना आपल्या बैठकीची वाट नव्हती. एकाच तालुक्यात राहून आम्ही एकमेकांचं फारसं ऐकलं नाही. तुमच्या ओसरीवर गोव्याच्या गायिका लोर्नाची कोंकणी गाणी आणि सारा वॉन एकाच दुपारी लागायची, त्यामुळे निदान आमच्यापुरती ती उणीव भरून निघाली.

आणि गायिका केसरबाई केरकर. केरीच्या, म्हणजे आपल्या फोंडा तालुक्यातल्याच. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर जी सोनेरी तबकडी अवकाशात गेली तिच्यात केसरबाईंची भैरवी, ‘जात कहां हो’, आहे हे गोव्यात शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. त्याच तबकडीवर आर्मस्ट्राँगचं १९२७ चं ‘मेलंकली ब्लूज’ आहे हे मला तुमच्याकडून कळलं. दोन्ही मिनिटाला ७८ फेरे फिरणाऱ्या तबकड्यांच्या जमान्यातली, तीन-साडेतीन मिनिटांत सगळं सांगून मोकळी होणारी. तुम्ही ती पाठोपाठ लावलीत आणि त्या दिवशी नंतर दुसरं काही लावलं नाहीत.

तबकड्या घरी आल्यावर पाकिटांत तुमची कार्डं सापडली. प्रत्येकात एकेक, रेघांचं, शाळेतल्या शाईनं लिहिलेलं. ‘बाजू दोन, तिसरं. पावसात नको, सुई उडते.’ ‘हे आधी, मग एला.’ सॅक्सोफोनवाला जॉन कोल्ट्रेन आणि गायक जॉनी हार्टमनच्या १९६३ च्या तबकडीत, सहाच गाणी, अर्धा तास, त्यात लिहिलंय : ‘एकदम सगळी. मध्ये चहा नाही.’ आशा पुथलीनं ऑर्नेट कोलमनबरोबर गायलेल्या ‘सायन्स फिक्शन’वर : ‘ज्याला आवडणार नाही त्याला पुन्हा सहा महिन्यांनी.’ मला सहा महिने पुरले नाहीत, पण आता आवडतं.

धुण्याची तुमची पद्धतही आम्ही पाळतो आहोत. आपल्या इथल्या पावसाळ्यात आठवडाभर हात लावला नाही तर पाकिटावर बुरशी धरते. डिस्टिल्ड वॉटर, त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, खाचांच्या दिशेनं गोल, मधल्या कागदाला पाणी लागू न देता. मग पंख्याखाली उभ्या वाळवायच्या. माशेलच्या आमच्या मित्रानं उन्हात ठेवली एक, तिची आता परात झाली आहे. कुठली ते त्यालाच विचारा, माझं नाव सांगू नका.

रविवार चालू आहे. आता बैठक माझ्याकडे, कारण माझ्या घरात ओसरी आहे आणि बायकोला हॉकिन्स आवडतो. बँकवाले अजून बोलतात, सुई अजून उचलावी लागते.

एकच काम आहे तुमच्याकडे. सारा वॉन आणि ट्रम्पेटवाल्या क्लिफर्ड ब्राउनची, १९५४ ची, ‘लल्लबाय ऑफ बर्डलँड’वाली तबकडी. पाकीट माझ्या वाट्याला आलं, आत कार्ड आहे, ‘उसनी दिली, परत घेणे’ असं लिहिलेलं, पण कुणाला ते नाही. तबकडी नाही. तुम्हाला आठवत असेल तर फोनवर सांगा, मी कदंबाच्या बसनं जाऊन घेऊन येईन. आणि ज्याच्याकडे ती आहे तो हे पत्र वाचत असेल तर, राजा, पाकीट माझ्याकडे आहे, एकतर तू ये नाहीतर मी येतो.

तुमचा विद्यार्थी,
पेटीवाला, फोंडा